उतारावरची नजर

५ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा दुसरा आठवडा चालू होता. एरवी रविवारी ज्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीला गाडी चिकटलेली असते, तिथे त्या रविवारी चिटपाखरू नव्हतं. खंडाळ्याच्या घाटात सुरुंग उडाले आणि अमृतांजन पूल धुळीच्या लोटात खाली बसला. वय वर्षं १९०. पुलाला हे नाव कुणा गव्हर्नरामुळे मिळालं नव्हतं, ते पडलं डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीवरून. पुण्या-मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी इथे थांबून नागफणीचा कडा पाहिला, धबधबे मोजले, पाऊस अंगावर घेतला.

पूल पाडला तो त्याच्या खांबांमुळे. द्रुतगती मार्ग या पुलाच्या खालून गेला होता. उतार, वळण आणि त्यात रस्त्यालगत उभे दगडी खांब. मोकळ्या रस्त्यावरून सुसाट येणाऱ्याला इथे अचानक आकसावं लागे. वाहतूक तुंबायची, गाड्या आदळायच्या. १८३० साली जो पूल प्रवाशांची वाट सोपी करायला बांधला, तोच शेवटी वाटेतला धोका ठरला. दगड जागचे हलले नव्हते. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाचा वेग बदलला होता, आणि वेगाबरोबर त्याची नजरही.

खंडाळ्याच्या या घाटाचा, म्हणजे बोरघाटाचा, इतिहास बहुतेक वेळा बांधणाऱ्यांचा म्हणून सांगितला जातो: किती बोगदे, किती मजूर, किती खर्च. त्याच घाटाला दुसराही एक इतिहास आहे, हातात कासरा, हँडल किंवा स्टिअरिंग धरून उतरणाऱ्याचा. त्याला काय दिसत होतं, कशाची भीती वाटत होती आणि कशाची वाटायला हवी असून वाटत नव्हती, याचा. रस्ता करणाऱ्यांनी दर पिढीत हा घाट थोडा थोडा सोपा केला. उतरणाऱ्याचं काम मात्र सोपं झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सुरुवातीला सगळा मामला पायांचा होता. कार्ल्याच्या लेण्यात ज्यांनी दानं दिली ते व्यापारी, पुढच्या शतकांतले बैलांचे तांडे, मराठ्यांचे जासूद, सगळे ही सह्याद्रीची भिंत पावला-पावलाने चढले-उतरले. १८२५ मध्ये बिशप हेबर इथून पुण्याला गेला, तेव्हा वाट रुंद होती. पण चढ इतका उभा की भरलेली गाडी किंवा माणूस बसलेली पालखी वर नेणं जिकिरीचं. लोक पायी नाहीतर घोड्यावरून जात, माल जनावरांच्या पाठीवरून. या वेगाला माणसाचे डोळे पुरून उरतात. ताशी चार-पाच किलोमीटरने चालणाऱ्याला निसटता दगड दिसल्यापासून पाय मागे घेईपर्यंत भरपूर वेळ मिळतो. शिवाय तो एकटा बघत नसतो. बैलही बघत असतो. रात्रीच्या प्रवासात गाडीवान खुशाल डुलक्या काढत आणि बैल वाट धरून चालत राहत, हे खेड्यातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. कड्याच्या तोंडाशी बैल आपण होऊन थांबतो. मोटारीत ही सोय नाही, हे आपण किती सहज विसरलो.

१८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घाटाचा नवा गाडीरस्ता खुला केला. आता चाकं घाटात आली आणि धोक्याने जागा बदलली. पायी उतरणाऱ्याचा धोका त्याच्या समोर असतो. गाडी उतरवणाऱ्याचा धोका पाठीमागे बसलेला असतो, गाडीतल्या ओझ्याच्या रूपाने. ते ओझं दिसत नाही, ते ढकलत असतं. उतारावर गाडीवानाला डोळ्यांनी पुढचं वळण आणि पाठीने मागचा भार, असं दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागे. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना बाजूने चामड्याची झापडं लावत, म्हणजे आजूबाजूच्या हालचालीने तो बुजू नये. घोड्याचं बघणं मुद्दाम अरुंद करायचं, कारण रुंद बघायला वर माणूस बसलेला आहे, असा हा हिशेब. पुढे माणसालाच झापडं लागली. ते ओघात येईलच.

घाटातल्या शिंग्रोबाचं देऊळ याच काळाची आठवण सांगतं. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस मिळण्याऐवजी त्याचा जीव गेला, अशी कथा. कुणी ती गाडीरस्त्याची सांगतं, कुणी रेल्वेची. इतिहासाच्या कसोटीला ती किती उतरेल हा प्रश्न बाजूला ठेवू. पण लोकांनी घाटाचा देव कुणाला केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी निवडला तो मेंढरांमागे फिरून उतार पायांनी वाचणारा माणूस. जुन्या रस्त्याने जाणारे ट्रकवाले आणि टेम्पोवाले आजही तिथे गाडी हळू करतात, नाणं टाकतात.

मग रेल्वे आली. १८५६ ला सुरू झालेलं काम १८६३ मध्ये पुरं झालं: २५ बोगदे, बहुतेक ठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा चढ. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका सांभाळला. एका टप्प्यावर ४० हजारांहून जास्त माणसं डोंगर फोडत होती. वाटेत कड्याच्या टोकाला ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. १८६९ च्या जानेवारीत वरून येणारी एक गाडी उतारावर आवरली नाही आणि या स्टेशनाच्या पलीकडे गेली. माणसं मेली.

घाटातल्या रेल्वेने उतारावरच्या माणसाविषयी जो विचार केला तसा रस्त्याने फार उशिरापर्यंत केला नाही, असं माझं मत आहे. या घाटात ‘कॅच सायडिंग’ असतात. म्हणजे मुख्य रुळातून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा एक फाटा. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ठरलेला वेळ उभं राहायचं. मगच सांधा बदलतो आणि पुढचा रस्ता मिळतो. गाडी थांबली नाही, तर ती दरीत न जाता फाट्यावर चढून थकते. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग ही नावं पुण्याहून येणाऱ्यांना खिडकीतून दिसतात; गाडी तिथे विनाकारण थांबली म्हणून लोक चुळबुळ करतात. कारण असतं. गाडी काबूत आहे असं इथे कुणी गृहीत धरत नाही. चालकाचा अनुभव, त्याचा आत्मविश्वास, त्याने काल आणि परवा हाच घाट सुखरूप उतरला होता ही गोष्ट, यातलं काहीही चालत नाही. दर वेळी नव्याने थांबून दाखवायचं. (चढताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात तो वेळ मात्र कुणाला खुपत नाही. तेवढ्यात वडे येतात.)

रेल्वेनेच चालकाचे डोळे तपासायला सुरुवात केली, पण ती गोष्ट इथली नाही, स्वीडनची. १५ नोव्हेंबर १८७५ ला लागर्लुंडाजवळ एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, नऊ माणसं गेली. उप्साला विद्यापीठातला फ्रितिओफ होल्मग्रेन याला शंका आली की चालकाला सिग्नलचा रंगच कळला नसावा. त्याने पुढच्या वर्षी एका रेल्वे कंपनीचे २६६ कर्मचारी तपासले. साधन काय, तर रंगीत लोकरीच्या लडी. एक लडी पुढ्यात ठेवायची आणि हिच्यासारख्या दिसणाऱ्या बाकीच्या वेचायला सांगायच्या. १३ जण रंगांध निघाले. म्हणजे हिरवा आणि लाल यांत गफलत करणारी १३ माणसं बिनबोभाट नोकरी करत होती, आणि कित्येकांना स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता. लागर्लुंडाचा अपघात खरंच रंगांधळेपणाने झाला का, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी चांगलीच शंका घेतली आहे. तपासणी मात्र जगभर रूढ झाली. आपल्याकडे रेल्वे इंजिन चालवू पाहणाऱ्या मुलाला इशिहाराची ठिपक्यांची पानं आणि अंधाऱ्या खोलीतला एड्रिज-ग्रीन कंदील ओळखून दाखवावा लागतो, त्याची मुळं त्या लोकरीच्या लडीत आहेत.

रस्त्यावर हे सगळं फार सौम्य होऊन आलं. गाडीच्या परवान्यासाठी जो ‘फॉर्म १’ भरतात, तो नीट वाचलेला माणूस विरळा. त्यात विचारलेलं असतं: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरपाटी प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? लाल-हिरवा ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? आपण तिन्ही प्रश्नांपुढे पटापट उत्तरं लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे जवळचं वाचायचा चष्मा. पेपर वाचताना अडलं की माणूस तो लगेच करतो. लांबचं दिसणं हळूहळू कमी होतं, तेव्हा मात्र कुठेच काही अडत नाही. समोरून येणाऱ्याने ‘अप्पर’ मारला की डोळ्यांपुढे येणारा पांढरा पडदा पूर्वी लगेच जायचा, आता रेंगाळतो. माणूस समोरच्याच्या दिव्यांना शिव्या देतो. आणि प्रश्न विचारलेला असतो तो उभ्या पाटीचा, लख्ख दिवसाचा. खंडाळ्यातला जुलै त्या फॉर्मात कुठेच नसतो.

डोळा चांगला असणं आणि धोका दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्यांदा प्रयोग करून दाखवणाऱ्यांत ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हा हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ होता. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन १९०७ मध्ये विजेच्या ट्राम आल्या. अमेरिकेतल्या शहरांत त्या आधीच बोकाळल्या होत्या आणि माणसं चिरडत होत्या. १९१२ च्या सुमाराला म्युन्स्टरबर्गला विचारण्यात आलं, अपघात करणारा ट्रामचालक आधीच ओळखता येईल का? त्या काळी अशा वेळी प्रतिक्रियेचा वेग मोजत: दिवा लागला की बटण दाबा. त्याने ते बाजूला ठेवलं. चपळ हाताचा चालकसुद्धा माणसं उडवतो आणि मंद हाताचा कित्येक वर्षं कुणाला धक्का लावत नाही, मग मेख दुसरीकडे असणार.

त्याने पुठ्ठ्यावर चौकोन आखले. मधोमध दोन जाड रेघा, म्हणजे ट्रामचे रूळ. आजूबाजूला आकडे: १ म्हणजे पायी माणूस, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटार. तितकीच घरं तो पुढे सरकणार. काळे आकडे रुळांना समांतर चाललेले, म्हणजे निरुपद्रवी. लाल आकडे रुळांच्या दिशेने येणारे. चालकाने हँडल फिरवायचं, पुठ्ठा एका छोट्या खिडकीखालून सरकत जायचा आणि कुठला लाल आकडा नेमका रुळावर येऊन पडेल ते झटपट सांगायचं. तीन घरांवरचा लाल १ रुळापर्यंत पोचत नाही, सोडून द्या. तीन घरांवरचा लाल ३ पोचतो, सांगा. रुळाला चिकटून असलेला काळा ३ कितीही अंगावर आल्यासारखा वाटला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. ट्रामचालकांनीच त्याला सांगितलं की आपण कामावर करतो ते अगदी हेच. बघणं म्हणजे इथे पुढच्या क्षणाचा अंदाज आणि त्याहून जास्त, कशाकडे दुर्लक्ष करायचं याची समज. ब्रिटनने २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी आणली. उमेदवाराने पडद्यावरची रस्त्याची दृश्यं बघायची आणि धोका आकाराला येतोय असं वाटताच बटण दाबायचं. ती चाचणी म्युन्स्टरबर्गच्या पुठ्ठ्याची नात म्हणायला हरकत नाही. आपल्याकडची परीक्षा म्हणजे अजूनही बव्हंशी आठचा आकडा काढणं.

बोरघाटात ही समज कुठल्या पुठ्ठ्यावर शिकवली गेली नाही. ती क्लीनरने उस्तादाकडून उचलली. ट्रकवर किन्नर म्हणून चढलेला पोरगा वर्ष-दोन वर्षं नुसता शेजारी बसायचा, डावीकडे डोकं काढून ‘येऊ द्या’ ओरडायचा आणि बघता बघता शिकायचा. ज्या गिअरात गाडी चढली त्याच गिअरात ती उतरवायची. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण थांबलेला लोडेड ट्रक चढावर पुन्हा उचलणं म्हणजे क्लचचा जीव घेणं. हा नियम कायद्यातही आहे, पण ड्रायव्हरांना तो कायद्यातून कळला नाही. रात्री आंधळ्या वळणाआधी डिपर मारायचा. पलीकडच्या कड्यावर समोरच्या गाडीचा उजेड सरकताना दिसतो. गाडी दिसायच्या आधी तिचा उजेड वाचायचा. लायनर जळाल्याचा वास आला की पुढच्या गाडीचे ब्रेक जाऊ शकतात, तिला चिकटून राहायचं नाही आणि तिच्या पुढे तर मुळीच जायचं नाही.

आणि तरीही याच ड्रायव्हरांतला एखादा उतार लागला की गाडी न्यूट्रल करतो.

याचा हिशेब साधा आहे. मालक ॲव्हरेज विचारतो. उतारावर इंजिनाची गरज नाही असं वाटतं, दांडी मधे टाकली की गाडी आपोआप वाहते आणि थेंब थेंब डिझेल वाचतं. प्रत्यक्षात उतारावर इंजिनच गाडीला मागे धरून असतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो. दर वळणाला पाय दाबायचा, ड्रम तापतो, लायनर तापतो, आणि तापलेला लायनर पकडत नाही. एअर ब्रेकच्या गाडीत पुन्हा पुन्हा पॅडल मारून हवेचा दाबही उतरतो. ब्रेक लागत नाहीत हे कळतं तेव्हा गाडी अशा वेगात असते की खालचा गिअर पडत नाही. ‘ब्रेक फेल झाला’ एवढंच मग पेपरात येतं. घाटात ठिकठिकाणी पाट्या आहेत, पोलीस सांगतात, ड्रायव्हरला स्वतःलाही हे पाठ असतं. पण त्याने पन्नास वेळा न्यूट्रल मारलेली असते आणि पन्नास वेळा खोपोलीला सुखरूप चहा प्यालेला असतो. प्रत्येक सुखरूप खेप त्याला एक चुकीचा धडा पक्का करून देते. कॅच सायडिंगवाल्यांनी नेमका या धड्यावर अविश्वास दाखवला होता.

राहिलं मन. चालकाच्या स्वभावाकडे अपघाताचं कारण म्हणून बघायला वैद्यकाने जरा उशीरच केला. १९४९ मध्ये कॅनडातल्या टिलमन आणि हॉब्स या दोघांनी टॅक्सीचालकांचा अभ्यास केला. वारंवार अपघात करणारे एकीकडे, अपघात न करणारे दुसरीकडे. पहिल्या गटातल्या लोकांची नावं त्यांना न्यायालयांच्या, उधारी वसूल करणाऱ्यांच्या, समाजकल्याण खात्यांच्या दप्तरांतही जास्त सापडली. माणूस घरी-दारी जसा वागतो तसाच चाकामागे वागतो, असा त्यांचा निष्कर्ष. तो मला थोडा कठोर वाटतो. गरिबी आणि उधारी हा स्वभाव नव्हे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या अभ्यासकांनी साडेतीन हजारांवर चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून जमवलेली माहिती मांडली. राग, रडू, खिन्नता किंवा चिडचिड उघड दिसत असताना गाडी चालवणाऱ्याचा अपघाताचा धोका एरवीच्या जवळपास दहापट निघाला. इथे माणसाची जात ठरवलेली नाही, त्या वेळची अवस्था मोजली आहे. हे जास्त पटतं, कारण शुक्रवारी रात्री घाटात एरवीची शहाणीसुरती माणसं काय करतात ते सगळ्यांनी पाहिलंय. पुढे गोगलगाय झालेला ट्रेलर, मागे हॉर्न, शेजारी ‘अजून किती वेळ?’ विचारणारं माणूस, आणि डावीकडून कुणीतरी कट मारून जातो. त्या कटाने गाडीला ओरखडाही उठत नाही, पण पुढची दहा मिनिटं चालकाचे डोळे रस्ता सोडून त्या एका गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळतात. घोड्याची झापडं ती हीच.

द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, ना चौक ना बैलगाडी. हा रस्ता वापरात येत होता त्याच काळात, १२ फेब्रुवारी २००१ ला, भक्ती बर्वे वाईहून कार्यक्रम करून परतताना त्यावरच्या अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. मराठी नाटकाची माणसं या रस्त्यावर आयुष्यातल्या किती रात्री काढतात ते पाहिलं, तर या बातम्यांनी इतकी हळहळ का वाटली ते कळतं. प्रयोग संपतो, मेकअप उतरतो, आणि सगळं जग झोपलेलं असताना परतीची गाडी निघते.

या रस्त्याने चालकापुढे एक नवंच कोडं टाकलं. सपाटीला ताशी १००, आणि घाट लागला की त्याहून बराच कमी वेग. पाटीवर हे सोपं दिसतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या श्मिट आणि टिफिन यांनी चालकांना बराच वेळ ताशी ७० मैलांनी गाडी चालवायला लावली आणि मग काट्याकडे न बघता ४० वर यायला सांगितलं. चालकांना वाटलं आपण ४० वर आलो. गाडी त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगात होती. जितका वेळ जोरात चालवली तितकी चूक मोठी. पनवेलपासून किंवा तळेगावपासून शंभराच्या नादात आलेल्या माणसाला घाटातले ७० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांनीच त्याला तसं सांगितलेलं असतं.

धुक्याचं प्रकरण अजून मजेशीर. १९९८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की दृश्य फिकं झालं की वेग कमी वाटतो, म्हणजे धुक्यात माणूस नकळत जोरात हाकतो. २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाने ते खोडून काढलं: खरं धुकं सगळीकडे सारखं नसतं, जवळचं बरं दिसतं आणि लांबचं पुसलं जातं, आणि तशा धुक्यात वेग उलट जास्त वाटतो. मग लोणावळ्याच्या धुक्यात गाड्या एकमेकींवर का चढतात? चालकाला पुढच्याचे लाल दिवे धरून ठेवायचे असतात, आणि ते दिसत राहायचे तर फार जवळ जावं लागतं. दिवे हरवले की तो एकटा पडतो. एकटं पडण्याची भीती धडकेच्या भीतीपेक्षा मोठी ठरते.

२०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून तिथे ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हाती घेतला. चालकाला उपदेश करण्याआधी त्यांनी रस्त्यावर चालकाचा जीव घेणाऱ्या वस्तू शोधल्या: उघडे खडक, संरक्षण नसलेले खांब, कठड्यांची बोथट टोकं, कडेला बंद पडून उभे असलेले ट्रक. २०२० मध्ये मृत्यू ६६ वर आले. ते वर्ष टाळेबंदीचं होतं, हे विसरून चालणार नाही. पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती. माणूस चुकणार हे धरून चालायचं, ही दृष्टी कॅच सायडिंगनंतर कितीतरी वर्षांनी या घाटात परत आली. अमृतांजन पुलाचे खांबही त्याच ओघात गेले म्हणायचे.

१९६० च्या दशकात जॉन सेंडर्स नावाच्या संशोधकाने डोक्यावर एक शिरस्त्राण चढवून अमेरिकेतल्या महामार्गावर गाडी चालवली. शिरस्त्राणाला झडप होती. ती दर काही सेकंदांनी डोळ्यांवर पडायची आणि चालक पार आंधळा व्हायचा. मग क्षणभर उघडायची. चालक स्वतः सेंडर्सच. (या उद्योगाला २०११ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेचं इग नोबेल मिळालं.) त्याला मोजायचं होतं, रस्ता माणसाकडे किती वेळा बघायला मागतो. वळणाचा रस्ता सारखं मागतो, वेग वाढला की अजून मागतो. सरळ, रिकामा रस्ता मात्र फार थोडं मागतो. तो म्हणतो, डोळे मिट, काही होत नाही.

वॉल्टर माइल्स या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच उघड्या डोळ्यांनी झोपणाऱ्या चालकांबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडे हे मराठी पेपरांत ‘रोड हिप्नोसिस’ म्हणून घरोघरी पोचलं ते समृद्धी महामार्गामुळे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी या मार्गावरच्या अपघातांमागे सरळ रस्त्याच्या संमोहनाकडे बोट दाखवलं. बोरघाटात हा आजार कधी नव्हता. घाट झोपू देत नाही.

आता घाटालाच वळसा पडतो आहे. कुसगाव आणि खोपोली जोडणारा १३.३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ लोणावळ्याच्या तलावाखालून जातो. त्यातला एक बोगदा जवळपास नऊ किलोमीटर लांब. बोगद्यात ना घाटाची वळणं, ना दरी, ना धुकं, ना पलीकडच्या कड्यावर सरकणारा उजेड. या वाटेने जाणाऱ्याला शिंग्रोबा लागणार नाही.

जुन्या रस्त्याने मात्र टेम्पो अजून उतरतात. देवळाच्या अलीकडे उतार सुरू होतो. मुरलेला ड्रायव्हर तिथे आधी दुसरा गिअर टाकतो, इंजिन गुरगुरून गाडीला मागे ओढतंय ना ते कानाने बघतो, आणि मग डॅशबोर्डवरचं नाणं उचलून खिडकीकडे देतो. हात कपाळाला लागतो. डोळे मिटत नाहीत.